चालत्या पेटीत हात घालावा काय?

शाळेच्या वार्षिक अंकासाठी माजी विद्यार्थी या नात्याने चार शब्द लिहावेत, अशी आज्ञा गुरुजींकडून आली, तेव्हा मी प्रथम संकोचलो. ज्यांचे वडील मागावर अथवा डाइंगमध्ये बारा बारा तासांची पाळी करतात, त्यांच्या घरी संगणकाच्या काळ्या पडद्यावरील आज्ञांची चर्चा कोणास रुचणार? परंतु विचार करता असे ध्यानात आले की, ज्या एका प्रश्नावरून माझा सहकाऱ्यांशी नित्य वाद होतो, तो पांडेसऱ्यातील कोणत्याही डाइंग मास्तरास माझ्याहून अधिक चांगला कळेल. यंत्र चालू असता त्यात हात घालावा काय, हा तो प्रश्न होय.

प्रथम यंत्राची ओळख करून देतो. २६ एप्रिल १९५६ रोजी मॅल्कम मॅक्लीन या अमेरिकन उद्योजकाच्या 'आयडियल एक्स' नामक जहाजाने ५८ लोखंडी पेट्या न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे नेल्या. पेटीत कापड आहे की औषधे, याची जहाजास वा यारीस चौकशी नाही; पेटी ठरावीक मापाची असली म्हणजे झाले. आज आपल्या हजिऱ्याच्या बंदरावर वा तिकडे न्हावा-शेव्यास ज्या रंगीत पेट्यांच्या उतरंडी दिसतात, त्या याच जातीच्या. संगणकातील कंटेनराने नाव घेतले ते यांचेच. एखादा प्रोग्रॅम व त्यास लागणारी सर्व सामग्री एका पेटीत बंद करावयाची, म्हणजे ती कोणत्याही संगणकावर नेली तरी सारखीच चालते. लिनक्समध्ये अशी विभागणी करण्याची सोय आधीपासून होती. परंतु सॉलोमन हाइक्स यांनी मार्च २०१३ मध्ये 'डॉकर' जगापुढे मांडले आणि ही विद्या सामान्य कारागिराच्या हाती आली.

पेटी कशी भरावयाची, याची कृती एका कागदावर लिहिलेली असते. तिला डॉकरफाइल म्हणतात. त्या कृतीवरून एक साचा तयार होतो आणि एका साच्यावरून हव्या तितक्या पेट्या काढता येतात. आता गंमत अशी की, चालू पेटीच्या आत आपण जे काही लिहू वा पुसू, ते साच्यावर उमटत नाही; त्या एका पेटीच्या वरच्या पातळ थरातच ते राहते. पेटी थांबवून पुन्हा चालू केली तर तो थर टिकतो, पण ती काढून टाकून नवी मांडली की तो गेला!

आत शिरण्याचा मार्ग मात्र सोपा आहे. 'डॉकर पीएस' म्हटले की कोणत्या पेट्या चालू आहेत त्यांची यादी मिळते. 'डॉकर लॉग्स' म्हटले की पेटीने आजवर जे सांगितले ते वाचता येते. आणि 'डॉकर एक्झेक' ही आज्ञा, आय व टी ही दोन अक्षरे, पेटीचे नाव आणि 'एसएच' एवढे टंकिले की आपण थेट आत! आय हे अक्षर आपले बोलणे आत जाण्याची वाट उघडी ठेवते, टी हे अक्षर पडद्याची सोय करते. ही आज्ञा ऑक्टोबर २०१४ मध्ये आली. तत्पूर्वीची 'अटॅच' नावाची आज्ञा अजूनही आहे. पण ती आपणांस आतील मुख्य कामकऱ्यापुढेच नेऊन उभे करते, आणि नवशिका तेथून बाहेर पडण्यासाठी कंट्रोल-सी दाबतो, तो बहुधा त्या कामकऱ्यासच झोपवितो. एक्झेकने गेलेला मनुष्य निराळ्या दाराने जातो व निराळ्या दाराने येतो. काम चालूच राहते.

आता माझीच फजिती सांगतो. पहिल्या नोकरीत, एका छोट्या कचेरीत, कापड व्यापाऱ्यांच्या चलनांचा प्रोग्रॅम आमच्याकडे होता. रात्री बारानंतर निघालेल्या चलनांवर आदल्या दिवसाची तारीख पडते, अशी तक्रार आली. कारण क्षुल्लक होते. पेटीतील घड्याळ जागतिक वेळेवर चाले, आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणून पहाटे साडेपाचपर्यंत पेटीच्या लेखी 'काल'च असे. मी एक्झेकने आत गेलो, घड्याळाची फाइल बदलली, पेटी एकदा थांबवून पुन्हा चालू केली. पाच मिनिटांत काम झाले आणि शाबासकीही मिळाली. पुढे काही दिवसांनी सहकाऱ्याने प्रोग्रॅमची नवी आवृत्ती बसविली. नवी पेटी जुन्याच कृतीवरून निघाली आणि माझी दुरुस्ती नाहीशी झाली. ती महिन्याची अखेर होती. पहिल्या तारखेच्या रात्रीची सर्व चलने मागील महिन्यात जमा झाली, आणि व्यापाऱ्याच्या वयोवृद्ध हिशेबनिसांस दोन रात्री जागून ती हाताने निवडावी लागली. ते मला एक शब्दही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

घरी आल्यावर वडिलांस हे सांगितले. ते जेट मशीनवर काम करीत. त्यांनी एवढेच विचारले, "कार्डावर लिहिलं होतंस का?"

डाइंगमध्ये शेड फिकी उतरली की मास्तर अंदाजाने आणखी रंग सोडतो, आणि तो लॉट साधतो. परंतु ती चिमूट रेसिपीच्या कार्डावर चढली नाही, तर पुढचा लॉट जुळत नाही आणि ताके परत येतात. हातचलाखीने एक लॉट निभावतो. धंदा कार्डावर चालतो. माझे मत तेव्हापासून ठाम झाले आहे : चालत्या पेटीत जावे, पाहावे, दोष शोधावा, पण दुरुस्ती कृतीच्या कागदावरच करावी आणि नवी पेटी काढावी. प्रसंग आणीबाणीचा असेल व आतच हात घालणे भाग पडले, तर त्याच दिवशी कागदही सुधारावा.

काही मंडळी याहून पुढे जातात. आत जाण्याचे दारच नसावे, असे ती म्हणतात व तशा पेट्या बनवितातही. त्यांत 'एसएच' ठेवतच नाहीत. त्यांचा युक्तिवाद पोकळ नाही, कारण ज्या दाराने आपण जातो त्याच दारातील अवजारे चोराच्याही कामी येतात. दुकान चालू असलेल्या जागी त्यांचे म्हणणे मी मान्य करतो. शिकणाऱ्याच्या बाबतीत मात्र मुळीच नाही. लॉग्समध्ये लिहिणाऱ्यास जे सुचले तेवढेच असते. आत काय चालले आहे, हे स्वतः जाऊन पाहिल्यावाचून समजत नाही. झाकण न उघडता कोण मशीन शिकला आहे?

विद्यार्थिमित्रहो, मराठी माध्यमातून शिकलो म्हणून काळ्या पडद्याचे भय मलाही वाटे. पण तेथील शब्द मोजके असतात आणि व्याकरण जवळजवळ नसतेच. चुकल्यास संगणक चूक दाखवितो, हसत मात्र नाही. जुन्या संगणकावर लिनक्स विनामूल्य बसते. एखादी रिकामी पेटी चालू करा, आत शिरा, एक फाइल लिहा, दुसरी पुसा आणि बाहेर या. मग 'डॉकर डिफ' ही आज्ञा द्या. साच्याहून काय निराळे झाले, ते ती ओळीओळीने सांगते. नव्या वस्तूपुढे ए, बदललेल्यापुढे सी, पुसलेल्यापुढे डी. नवी आवृत्ती बसविण्याआधी आमच्या त्या पेटीवर कोणी ही आज्ञा दिली असती, तर मी बदललेल्या घड्याळाच्या फाइलीचे नाव पडद्यावर सर्वांदेखत आले असते.