बदलापूरचं जांभूळ आणि मोबाईलवरची जाहिरात

बेलवलीच्या आसपास शेतं कमी आणि इमारती जास्त अशी स्थिती झाली आहे. हे बोचतं. पण त्या इमारतींत राहणारा माणूस हाच आपल्या जांभळाचा सर्वांत जवळचा गिऱ्हाईक आहे, हेही तितकंच खरं. त्याला आपला माल कळवायचा कसा?

२०२० च्या टाळेबंदीत राज्यातल्या अनेक शेतकऱ्यांनी व्हॉट्सॲपवरून थेट सोसायट्यांना आंबा, भाजी विकली. तेव्हा लोक घरात अडकलेले होते, साधा फोटोही चालून गेला. आज तसं होत नाही. फेसबुकने २०१८ मध्येच धंद्याच्या पानांपेक्षा नातेवाईक-मित्रांचा मजकूर पुढे दाखवायला सुरुवात केली. व्हॉट्सॲपने त्याच वर्षी भारतात निरोप पुढे पाठवायला पाच ठिकाणांची मर्यादा घातली. गुगलने नकाशावरच्या नोंदीबरोबर फुकट दिलेली छोटी संकेतस्थळं मार्च २०२४ मध्ये बंद केली. ज्यांनी तो पत्ता पाटीवर रंगवला असेल त्यांनी पुसून टाकावा. नकाशावरची नोंद मात्र अजून फुकट आहे, ती जरूर करा.

दुसऱ्याच्या भिंतीवर लावलेली जाहिरात मालक कधीही काढणार. तेव्हा गिऱ्हाइकांची यादी आपली स्वतःची हवी. यात एक मेख आहे. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीवरचा निरोप ज्याने आपला नंबर साठवून ठेवलाय त्यालाच पोचतो. म्हणून जांभळं देतानाच सांगा, "ताई, नंबर सेव्ह करा, पुढच्या तोडणीला कळवते." स्टेशनबाहेर पाटी घेऊन बसणाऱ्या बाईलाही हे जमेल, खर्च शून्य.

जांभूळ नाजूक, एक-दोन दिवसांत उतरतं. म्हणून आदल्या संध्याकाळी निरोप, रात्री मागणी, पहाटे तोडणी, असा क्रम ठेवा. पैसे देऊन जाहिरात करायची तर फळ असेल तेवढेच दिवस आणि बदलापूर-अंबरनाथपुरतीच करा. मी एका बागायतदाराला जाहिरात लावून देताना परिसर निवडायचा विसरलो. दोन दिवस नागपूर-सोलापूरहून फोन येत होते, आणि विक्री एका किलोचीही नाही! त्याचे पैसे गेले ते माझ्यामुळे. अजून भेटला की चहा मीच पाजतो.

आता नावाचं. बदलापूरच्या जांभळाला २०२३-२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकन मिळालं म्हणून कुणीही ते चिन्ह डब्यावर छापू शकत नाही. १९९९ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. नोंद नसेल तर बाहेरून आलेलं जांभूळ 'बदलापूरचं' म्हणून मोबाईलवर विकणाऱ्याला आपण कोणत्या तोंडाने हटकणार? सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती, की कुणाच्या बांधावर किती झाडं आहेत याची यादी पावसाआधी करून ठेवावी. अर्ज भरताना तीच उपयोगी पडेल.

आणि हो, मोबाईलवर मागणी नोंदवून "पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करा, पिन टाका" असं कुणी म्हणाला तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही.