तळेगाव आणि चिनी भांडवल

१/ चीनच्या गीलीने २०१० मध्ये स्वीडनची व्होल्वो घेतली, मिडियाने २०१६ मध्ये जर्मनीची कूका. युरोपने आधी विकले, मग नियम कडक केले.

२/ महाराष्ट्रात उलटे घडले. जानेवारी २०२० मध्ये जनरल मोटर्सने तळेगावचा कारखाना चीनच्या ग्रेट वॉलला विकण्याचे ठरवले. एप्रिलमध्ये केंद्राने पूर्वपरवानगी सक्तीची केली. १५ जूनला राज्याने सामंजस्य करार केला. त्याच रात्री गलवानमध्ये रक्त सांडले.

३/ परवानगी आलीच नाही. डिसेंबरमध्ये उत्पादन थांबले, पुढे कामगारांची नोकरी गेली. व्यवहार मात्र २०२२ पर्यंत लोंबकळत राहून बारगळला.

४/ सावधगिरी रास्तच. परंतु नकार द्यायचा तर तो वेळेत द्यावा. मौन हे धोरण नव्हे. राष्ट्रहिताची किंमत एकट्या कामगारानेच का मोजावी?