ज्याचं बिल नाही, त्याचं उत्तर नाही

ऑप्टिमायझेशनच्या सिम्प्लेक्स पद्धतीच्या हाताने भरायच्या तक्त्यांवर मी इथे तोंडसुख घेतलं, तेव्हा 'मग कॉलेजांनी करायचं तरी काय?' असं विचारणाऱ्यांनी हे वाचावं. एका पालकाने अभियांत्रिकी महाविद्यालयाचं परिपत्रक पाठवलंय. ऑप्टिमायझेशनच्या प्रकल्पात 'परवानाधारक' सॉल्व्हरच (अटींत बसणारं सर्वोत्तम उत्तर शोधणारं सॉफ्टवेअर) वापरावा, फुकट सॉफ्टवेअरची उत्तरं ग्राह्य धरली जाणार नाहीत. परवाना जीएलपीके या फुकट सॉल्व्हरलाही आहे हो, जीपीएल नावाचा. पण त्याचं बिल येत नाही, आणि बिल नसेल तर खरेदी समिती कशी नेमायची?

उत्तरं ग्राह्य नाहीत म्हणे. एक उत्तर बघूच. सेज या गणिती सॉफ्टवेअरमध्ये क्ष आणि य घ्या, दोन्ही शून्याखाली न जाणारे. अटी दोनच: 2क्ष + य फार तर 1, क्ष + 2य फार तर 1. क्ष + य जास्तीत जास्त किती? वहीत आलेख काढला तरी 2/3 येतं. सेजसोबत येणारा जीएलपीके सांगतो 0.6666 आणि पुढे सहांची रांग. आता अटींना हात लावू नका. मॉडेल उघडणाऱ्या ओळीत सॉल्व्हर म्हणून 'पीपीएल' लिहा आणि पुन्हा चालवा. उत्तर येतं 2/3. बस्स, एवढंच. इटलीतल्या पार्मा विद्यापीठात जन्मलेली ही लायब्ररी सगळा हिशोब अपूर्णांकांतच करते, त्यामुळे राउंडिंगची चूक शिरायला फटच नाही. जीएलपीकेचं उत्तर ट्रकमध्ये माल भरायला पुरतं, आणि मोठं मॉडेल दिलं की पीपीएल रडतखडत चालते, हे खरं. पण सिद्धता लिहिणाऱ्याने 'जवळपास 2/3' घेऊन काय करायचं? महागडे सॉल्व्हरही शेवटी दशांशातच मोजतात.

वेगाचं म्हणाल तर मोठ्या पूर्णांकी मॉडेलांवर गुरोबी हा विकतचा सॉल्व्हर जीएलपीकेला सहज मागे टाकतो, वाद नाही. गुरोबी असेल तर सेज तेच मॉडेल त्यालाही देतं, ओळीतलं नाव तेवढं बदलायचं. कंपन्या विद्यार्थ्यांना फुकट परवाने देतात, तेही ठाऊक आहे. तंबाखूची पहिली पुडी फुकटच असते.

आणि महागड्या परवान्यांचा विषय निघाला की आमचे नरेंद्र करमरकर आठवतात. आयआयटी मुंबईच्या या माणसाने 1984 मध्ये बेल लॅब्जमध्ये असताना सिम्प्लेक्सला आव्हान देणारी पद्धत मांडली. एटी अँड टीने 1988 मध्ये तिचं पेटंट मिळवलं आणि कॉर्बएक्स नावाची यंत्रणा 89 लाख डॉलरला विकायला काढली. गिऱ्हाइकं मोजकीच आली. आज त्याच कुळातली अंतर्बिंदू पद्धत जीएलपीकेत आहे, कोडसकट, कुणीही उघडून वाचावी.

पूर्णांकांच्या अटींचं पुढच्या आठवड्यात. तोवर परिपत्रकवाल्यांनी वरचं मॉडेल आपल्या परवानाधारक सॉल्व्हरात घालावं आणि 2/3 काढून दाखवावं.