कोणाच्या तोंडचे नाव?

पेडण्याच्या पठारावर डिसेंबर २०२२ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले आणि त्याला ‘मनोहर’ हे नाव मिळाले. दिल्लीहून उतरणाऱ्या प्रवाशाला ते नुसते गोड विशेषण वाटेल. गोव्यातल्या माणसाला मात्र ते वाचताक्षणी माजी मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर आठवतात. आडनावही हवे होते, असे अनेकांनी म्हटले ते यामुळेच; ‘पर्रीकर’ शेजारी नसेल तर पुढची पिढी माणूस विसरेल आणि विशेषण तेवढे वाचेल. माझे म्हणणे असे की माणसाच्या नावाचा अर्थ शब्दकोशात सापडत नाही. ते नाव ज्यांच्या तोंडी असते, त्यांना काय ठाऊक आहे यावर तो ठरतो. बाळाचे नाव ठेवताना मोबाईलवर अर्थांच्या याद्या चाळणाऱ्या आजच्या आईवडिलांनी हे ध्यानात घ्यावे, असे मला मनापासून वाटते.

गावावरून पडलेली आपली आडनावेच घ्या. पार्से गावात सगळेच पार्शाचे, तिथे ‘पार्सेकर’ म्हणून कोणाला वेगळे कसे काढणार? गाव सोडून माणूस दुसरीकडे वस्तीला गेला, की तिथले लोक त्याला हे नाव देतात. माजी मुख्यमंत्री लक्ष्मीकांत पार्सेकर हरमलचे, ते उगाच नव्हे. मांद्रेकर, पेडणेकर, मयेकर, मुळगावकर अशा बहुतेक आडनावांत कुठल्यातरी पूर्वजाचे स्थलांतर दडलेले आहे आणि त्याची नोंद शेजाऱ्यांनी ठेवली आहे. महादजी शिंद्यांचे सेनानी जिवबादादा केरकर पेडण्यातल्या केरीचे. फौजेतल्या हुद्द्यामुळे त्यांना लोक ‘बक्षी’ म्हणू लागले. सुरश्री केसरबाई केरकर फोंड्यातल्या केरीच्या. सत्तरीत तिसरी केरी आहेच. ‘केरकर’ ऐकल्यावर ‘कुठची केरी?’ असे विचारणारा कोणी हवा. त्या प्रश्नाशिवाय हे आडनाव अर्धेच राहते. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचे कुर्डी तर ऐंशीच्या दशकात साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले, तरी रसिकांच्या तोंडी ते गाव अजून नांदते आहे. देवांच्या नावांचेही असेच. लईराई या शब्दाची फोड डिचोलीतल्या किती भाविकांना सांगता येईल? पण शिरगावची लईराई, मुळगावची केळबाई, मयेची महामाया आणि मोरजीची मोरजाई या बहिणी, हे पोरासोरांनाही माहीत असते. रवळनाथावरून मुलाचे नाव रवळू ठेवणाऱ्या बापाने व्युत्पत्ती पाहिलेली नसते. देवाशी असलेले घराचे नाते त्याने मुलाला दिलेले असते.

यावर कोणी म्हणेल, कोशातल्या अर्थाला एवढी कमी किंमत असेल तर सातारा जिल्ह्यात २०११ साली ‘नकुशा’ नावाच्या दोनशेहून अधिक मुलींना नवी नावे का द्यावी लागली? आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर ‘धोंडू’ आणि ‘दगडू’ या नावांत मिळते. कोशात पाहिले तर तीही हिणवणारीच नावे. आधीची मुले दगावल्यावर जन्मलेल्या मुलावर काळाची नजर पडू नये, म्हणून आईबापांनी ती कळवळून ठेवली. नकुशा मात्र मुलगी नको म्हणून ठेवलेले नाव, आणि हाक मारणाऱ्या प्रत्येकाला ते कळत होते. एकीकडे माया, दुसरीकडे नकार. हा फरक कोश दाखवू शकत नाही. म्हणूनच ती नावे बदलली हे योग्यच झाले.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. शेजाऱ्यांच्या आठवणीत जातही असते, तुच्छताही असते. मग तीच नावाचा अर्थ ठरवणार का? ठरवत आली आहे, हे नाकारता येणार नाही. राजाराम पैंगीणकरांनी आपल्या आत्मचरित्राला ‘मी कोण?’ असे नाव दिले, त्यामागे कलावंत समाजाने सोसलेला हाच जाच आहे. पण त्याच समाजातल्या थोर गायिकांनी गावाचे नाव आडनाव म्हणून मिरवले आणि आपल्या गळ्याने त्याला प्रतिष्ठा मिळवून दिली. ‘कर’ लागलेले आडनाव कोणत्या जातीचे ते सहसा सांगत नाही. गोव्यात एकच ग्रामनाम अनेक जातींत आढळते. शेजाऱ्यांच्या मनातला अर्थ माणसाच्या कर्तृत्वाने बदलतो, आणि तो बदल कागदावरच्या बदलापेक्षा खोल जातो, असे मला वाटते.

कागदही लागतो, हे मान्य. गोव्यात नाव आणि आडनाव बदलण्याचा कायदा १९९० चा. बाहेरून आलेले लोक गोमंतकीय आडनावे घेतात या तक्रारींमुळे अलीकडे तो कडक करण्यात आला. ही चिंता मी समजू शकतो. जन्माची नोंद मागण्यातही गैर नाही. मात्र अपमानाचे नाव टाकू पाहणाऱ्या इथल्याच माणसाला त्या कडकपणाचा फटका बसता कामा नये. असा अर्ज पेडणे किंवा डिचोलीत आला, तर त्या माणसाला वाडीवर आजवर कोणत्या नावाने आणि कोणत्या सुरात हाक मारली गेली, हे आधी विचारले जावे.