पन्नाशीची शांत आणि पन्नाशीचे काम

वयाची पन्नास वर्षे पुरी झाली म्हणजे वैष्णवी शांत करावी, साठाव्या वर्षी उग्ररथ, सत्तराव्या वर्षी भैमरथी आणि त्यापुढे आयुष्य लाभल्यास सहस्रचंद्रदर्शन, असा आपल्याकडील क्रम आहे. हल्ली साठीचा समारंभ थाटाने होतो. पन्नाशी मात्र पुष्कळ घरांतून कुणाच्या ध्यानीमनी नसताना येते आणि निघून जाते. वस्तुतः या साऱ्या टप्प्यांत पन्नाशीचा टप्पाच आम्हांस अधिक विचारणीय वाटतो. मनुष्याने काय केले याचा आढावा साठीला घेता येतो; काय करावयाचे राहिले, हे पन्नाशीला कळते आणि ते करण्याइतके बळही तेव्हा अंगात असते.

या वयात प्रत्येक जण मनाशी एक हिशेब मांडतो. घर झाले का, मुलीचे लग्न, मुलाचे शिक्षण, निवृत्तीनंतरची तजवीज, वैद्याने सांगितलेले पथ्य. या गोष्टी क्षुद्र आहेत असे म्हणणारा बहुधा दुसऱ्याच्या जिवावर जेवत असतो. पण आपल्यापाशी किती साठले, एवढेच या हिशेबातून कळते. धर्मशास्त्राने गृहस्थास अंगावरच्या सुरकुत्या, पिकलेले केस आणि नातवाचे तोंड दिसताच वनाची वाट धरावयास सांगितले. आज वन कुठले आणि वाट कुठली! तथापि त्यातला मथितार्थ शिल्लक राहतोच: ज्याची मूठ आजवर घट्ट धरली, ती आता हळूहळू सैल करावयास शिकावे. तेव्हा मध्यम वयात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आमच्या मते हा आहे की, आपल्यापाशी असे काय आहे, जे आपण दिले नाही तर आपल्याबरोबरच संपेल?

या प्रश्नाला आपल्या शहराच्या आठवणीतच दोन उत्तरे सापडतात. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० सालचा. व्यवसाय वकिलीचा. १९०० साली पत्नी गेली, १९०३ साली मुलगी गेली. अशा वेळी चाळिशी उलटलेला मनुष्य एक तर कामात स्वतःला गाडून घेतो किंवा विरक्तीच्या नावाखाली निष्क्रिय होतो. भातखंडे १९०४ साली दक्षिणेच्या प्रवासास निघाले आणि पुढे गावोगावच्या ग्रंथालयांतून व गवयांच्या बैठकींतून हिंडत राहिले. जी विद्या उस्तादांच्या गळ्यात होती आणि गळ्याबरोबरच नष्ट होत होती, ती त्यांनी आर्जवे करून मिळविली व स्वरलिपीत उतरविली. १९१६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद बडोद्यास भरली ती त्यांच्याच खटपटीने. १९१८ साली ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय निघाले. त्यांच्या क्रमिक पुस्तकांवर पिढ्यान् पिढ्या मुलांनी आरोह-अवरोह गिरविले. त्यांच्या पद्धतीविषयी गवयांत मतभेद होते आणि आजही आहेत. परंतु त्या चिजा कागदावर उतरल्या म्हणूनच त्यांवर वाद घालता येतो.

दुसरे उदाहरण तर बडोद्याच्या नोकरीतलेच. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई १८८९ साली येथे आले आणि १९२५ साली निवृत्त झाले. राजपुत्रांना शिकविण्यासाठी इतिहासाची टिपणे काढता काढता त्यातून रियासती जन्मास आल्या. छत्तीस वर्षांची चाकरी, महाराजांबरोबरचे प्रवास, घरची सुखदुःखे, हे सारे सांभाळून त्यांनी हातातला धागा सोडला नाही. म्हणून १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादणे त्यांस साधले, आणि मराठ्यांचा तीन खंडांचा इंग्रजी इतिहास ऐंशी उलटल्यावर छापून झाला. निवृत्तीनंतर वेळ मिळेल तेव्हा आरंभ करू, असे म्हणणाऱ्यांनी हे चरित्र पाहावे. साठीनंतरच्या कामाची बेगमी चाळिशी-पन्नाशीतच करून ठेवावी लागते.

आपण काही भातखंडे नव्हे, सरदेसाई नव्हे, असे वाचक म्हणतील. खरे आहे, पण देण्याजोगे काही नाही असे घर आम्हांस ठाऊक नाही. दांडिया बाजारातल्या, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांतून आज पन्नाशीत असलेली पिढी विशेष जागी उभी आहे. आजी-आजोबांचे मराठी तिने कानांनी ऐकले आहे, आणि गुजराती-इंग्रजीत वाढणाऱ्या मुलांशी ती रोज बोलते. दोन्ही काठ जिला दिसतात अशी ही बहुधा शेवटचीच पिढी. भिंतीवरच्या तसबिरीत डावीकडून तिसरे कोण, हे ऐंशी वर्षांच्या आत्याला विचारून मागे पेन्सिलीने लिहून ठेवावयास फार तर एक दुपार लागते. आत्या गेल्यावर ते काम कुणालाच साधणार नाही. वाड्याच्या जागी सदनिका उठतात तेव्हा माळ्यावरचे मोडी कागदांचे गाठोडे रद्दीच्या तराजूत जाते, कारण ते वाचणारा घरात उरलेला नसतो. जाणत्या माणसाला दाखविल्यावाचून असा एकही कागद बाहेर जाऊ नये. भावाभावांतला वाटणीचा तंटाही याच वयात मिटवावा. तो मुलांच्या नावे करून जाणे हेसुद्धा एक देणेच, परंतु फार वाईट देणे.

गृहिणींविषयी दोन शब्द स्वतंत्र लिहिणे प्राप्त आहे. पन्नाशीच्या बाईने काय द्यावे, हे सांगावयास सगळे घर उत्सुक असते: लोणच्याचे प्रमाण, गौरीची आरास, नातवंडांचा सांभाळ. तिला काय हवे आहे, हे विचारणारा क्वचित भेटतो. लग्नात सुटलेले गाणे, अर्धवट राहिलेली परीक्षा, एखादी एकटीने करावयाची यात्रा, ही तिची थकलेली बाकी आहे. ती आधी चुकती व्हावी, मग तिच्याकडे मागावे.

शेवटी, काय देऊ नये हेही ठरविलेले बरे. १९४९ साली संस्थान विलीन झाले, १९७१ साली राजांचे तनखेही बंद झाले. तरी ‘आमचे पणजोबा दरबारात पहिल्या रांगेत बसत’ हे वाक्य काही दिवाणखान्यांतून अजून निवृत्त झालेले नाही. पणजोबांनी काय काम केले ते मुलांना अवश्य सांगावे. ते कुठे बसत, हे सांगितल्याने मुलांना उभे राहता येत नाही. जातीचा ताठा, जुने रुसवे, कुणाच्या मुंजीत झालेला मानापमान, यांचा वारसा आपल्यापाशीच संपला तर ते पुण्यच समजावे.

दिवाळीच्या सुटीत मुले घरी असतील. दिवेलागणीनंतर अर्धा तास दूरदर्शन आणि भ्रमणध्वनी बाजूला ठेवून एक तसबीर किंवा एक जुने पत्र मध्ये ठेवावे आणि त्यातल्या माणसांची नावे घ्यावीत. मुले प्रथम कंटाळतील, मग एखादा प्रश्न विचारतील. त्या प्रश्नाचे उत्तर आपल्याला येत नसेल तर ज्याला येते त्याच्याकडे दुसऱ्याच दिवशी जावे. दिवाळीनंतर पाहू म्हणून ठेवू नये.