मापाआधी पोरांचा पेला

कामानिमित्त आम्ही पुण्यात नारायण पेठेत नातलगांकडे उतरलो होतो. सकाळी दारात पिशवीचे दूध आले अन् शाळेला निघालेल्या मुलांनी कपभर पिऊनच चपला पायात घातल्या. दूध तुमच्या-आमच्यासारख्या गोठ्यांतलेच. आपल्या वस्तीवर मात्र किटली डेअरीला जाते आणि पोर चहा-चपातीवर शाळा गाठते.

नुसती वाढी खाणाऱ्या गाईला कॅल्शियम कमी पडते, म्हणून आपण वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडतो. तेच कॅल्शियम वाढत्या पोराच्या हाडांनाही लागते. पाव लिटर गाईच्या दुधात ते सुमारे ३०० मिलिग्रॅम असते.

काही मोठी माणसे म्हणतात, दूध बाधते. ते खोटे नव्हे. दुधातली साखर पचविणारा पाचकरस वयाबरोबर अनेकांत कमी होतो. मग पोट फुगते, ढाळ लागतात. अशांनी न्याहारीला भाकरीसोबत दही-ताक घ्यावे. विरजणाने ती साखर काहीशी कमी होते.

दुधाचा पगार जरूर मोजा. पण डेअरीत माप घालण्याआधी पोरांचा पेला बाजूला काढा, तापवून द्या, असे आमचे स्पष्ट मत आहे.