श्रावणांतले सावकार

इंग्लंडमधील फुटबॉलचा हंगाम ऑगस्ट महिन्यांत सुरू होतो. त्यापूर्वींचे पांचसहा आठवडे, म्हणजे आपल्याकडील आषाढ आणि श्रावणाचा आरंभ, हा त्या खेळाच्या चाहत्यांचा मोठा गडबडीचा काळ असतो. मैदानावर त्या वेळीं महत्त्वाचें असें कांहींच घडत नसतें. परंतु प्रत्येक खेळाडूनें येत्या वर्षांत काय केलें पाहिजे, याचे ठराव मात्र पास होऊन गेलेले असतात. अमक्यानें वीस गोल केलेच पाहिजेत. तमक्यानें आतां तरी आपली किंमत भरून द्यावी. नव्यानें आणलेल्या अठरा वर्षांच्या पोरानें गेल्या पिढींतील थोर खेळाडूची गादी चालवावी. लंडन-लिव्हरपूलच्या लोकांनीं असे ठराव करावेत, हें एक वेळ समजूं शकतें. परंतु हल्लीं पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतील मुलगे, आणि पुष्कळ ठिकाणीं त्यांचे वडीलही, ह्या ठरावांवर तितक्याच हिरिरीनें सह्या करूं लागले आहेत. आणि ज्या कोल्हापुरांत तालमींच्या संघांमुळें हा खेळ मुळांतच घरचा झालेला आहे, तेथें तर विचारावयासच नको. तेव्हां हा विषय परदेशचा म्हणून सोडून देण्याजोगा राहिलेला नाहीं.

आमचें म्हणणें थोडक्यांत असें: हंगामापूर्वींच्या ह्या अपेक्षेला चाहते प्रेम म्हणतात, जाणकारी म्हणतात, वस्तुतः ती सावकारी आहे. आणि तीही अशी कीं, जी रक्कम ऋणकोनें कधीं उचललीच नाहीं, तिची व्याजासकट वसुली करणारी.

आशा आणि अपेक्षा हे दोन शब्द बोलण्यांत आपण एकमेकांच्या जागीं वापरतों. परंतु त्यांची परीक्षा सोपी आहे. आशा फसली म्हणजे आपल्याला वाईट वाटतें. अपेक्षा फसली म्हणजे दुसऱ्याचा राग येतो. आपला संघ जिंकावा अशी इच्छा धरून पावसांत भिजत उभा राहणारा प्रेक्षक आशा करीत असतो, आणि त्याच्या त्या वेडाला आमचा मनापासून नमस्कार आहे. परंतु जुलैमध्यें आंकडा ठरवून नोव्हेंबरमध्यें तो आंकडा मागणारा मनुष्य निराळा. त्याच्या हातांत पताका नसते, खतावणी असते. असा मनुष्य स्वतःस संघाचा भक्त म्हणवितो, याचें नवल वाटतें. पंढरीच्या वाटेनें चालणारा वारकरी विठोबाकडे गेल्या सालच्या वारीचा हिशेब मागत नाहीं.

प्रथम जाणकारीचा दावा तपासूं. ज्या महिन्यांत हीं भाकितें होतात, त्याहून भाकिताला नालायक महिना सांपडणें कठीण. त्या दिवसांतील सामने मैत्रीचे असतात. सुटीवरून परतलेल्या खेळाडूंच्या अंगांत दम भरावा, आणि अमेरिका-आशियांतील प्रेक्षकांकडून क्लबच्या तिजोरींत पैसा पडावा, हे त्यांचे मुख्य हेतु. मध्यंतरानंतर अर्धा संघ, कधीं सबंध संघच, बदललेला असतो. निकालावर एकही गुण अवलंबून नसतो. शिवाय खेळाडूंच्या खरेदीविक्रीचा बाजार बहुधा हंगाम सुरू झाल्यावरही कांहीं दिवस उघडाच असतो. २०१८ आणि २०१९ सालीं प्रीमियर लीगनें तो पहिल्या सामन्यापूर्वीं बंद करून पाहिला, आणि पुढें ती रीत सोडून दिली. म्हणजे संघांत कोण असणार हेंच ठरलेलें नसतें, आणि कोण किती गोल करणार हें मात्र ठरलेलें असतें! बाजारांत तुरी म्हणतात त्या ह्याच.

२०१४ सालचें मँचेस्टर युनायटेडचें उदाहरण पाहावें. लुई व्हान गाल हे नवे प्रशिक्षक आले होते. अमेरिकेच्या दौऱ्यांत त्यांच्या संघानें लॉस एंजेलिसच्या गॅलक्सी संघावर सात गोल चढविले. २ ऑगस्ट रोजीं मिशिगनमधील अॅन आर्बर येथें १,०९,३१८ प्रेक्षकांसमोर रेआल माद्रिदला ३-१ असें हरविलें. आणि तो दौरा अपराजित राहून संपविला. चाहत्यांच्या गुडघ्यांना बाशिंगें बांधलीं गेलीं. १६ ऑगस्टला लीगच्या पहिल्याच सामन्यांत, आणि तोही घरच्या मैदानावर, स्वान्सीनें त्यांना २-१ असें हरविलें. २६ ऑगस्टला तर तिसऱ्या श्रेणींतील मिल्टन कीन्स डॉन्स ह्या संघानें लीग कपाच्या सामन्यांत त्यांचा ४-० असा धुव्वा उडविला. एका महिन्याच्या आंत ढोल वाजले आणि फुटलेही.

संघाची ही कथा, तर एकेका खेळाडूची काय सांगावी? ३० जुलै २०२२ रोजीं लेस्टर येथें लिव्हरपूल आणि मँचेस्टर सिटी यांचा कम्युनिटी शील्डचा सामना झाला. दोन्ही संघांत एकेक नवा, भारी किंमतीचा आघाडीचा खेळाडू होता. लिव्हरपूलच्या डार्विन नुन्येझनें गोल केला. सिटीच्या एर्लिंग हालांडनें अगदीं गोलाच्या तोंडाशीं आलेला चेंडू आडव्या खांबावर मारला. लिव्हरपूल ३-१ असें जिंकलें, आणि एक खेळाडू सोनें व दुसरा पितळ असल्याचा निवाडा चाहत्यांनीं त्याच रात्रीं देऊन टाकला. हंगामाच्या अखेरीस हालांडचे लीगमधील गोल ३६ झाले. प्रीमियर लीगच्या एका हंगामांत इतके गोल त्यापूर्वीं कोणीं केले नव्हते. नुन्येझचे झाले ९. येथें गंमत अशी कीं, हालांडची क्षमा मागण्याचें कोणास सुचलें नाहीं. नुन्येझ मात्र त्या एका संध्याकाळच्या टाळ्यांचा कायमचा देणेकरी होऊन बसला. भाकित करणारा आपलें भाकित विसरतो. ज्याच्याविषयीं तें केलेलें असतें, त्याला तें विसरतां येत नाहीं.

परक्या देशांत, परक्या भाषेंत, परक्या हवेंत येऊन पडलेल्या तरुणाला रुळावयास वेळ लागतो, ही गोष्ट सून घरांत आणणाऱ्या आपल्या समाजाला तरी समजावून सांगण्याची गरज नसावी. डेनिस बर्गकांप १९९५ सालीं ७५ लक्ष पौंडांना आर्सेनलकडे आला. २० ऑगस्टला तो लीगमधील पहिला सामना खेळला. त्याचा पहिला गोल उजाडावयास २३ सप्टेंबर यावा लागला, आणि तेवढ्या अवधींत वर्तमानपत्रांनीं त्याची यथेच्छ टिंगल करून घेतली. थिएरी आन्री १९९९ सालीं त्याच क्लबांत आला. त्याचेही पहिले कित्येक सामने कोरडे गेले. पुढें बर्गकांप अकरा वर्षें तेथें खेळला, आणि आन्रीनें त्या क्लबासाठीं २२८ गोल केले. आज दोघांचेही पुतळे आर्सेनलच्या मैदानाबाहेर उभे आहेत. पहिल्या हप्त्यालाच जप्ती आणणाऱ्या सावकारांचें तेथें चाललें असतें, तर ते चौथरे रिकामे राहिले असते.

आतां प्रतिपक्षाचे आक्षेप घेऊं. पहिला आक्षेप पैशाचा. “खेळाडूसाठीं कोट्यवधि पौंड मोजले जातात, त्याचा मोबदला मागावयाचा नाहीं काय?” हा प्रश्न विचारणारे एक साधी गोष्ट दृष्टीआड करतात. ती किंमत खेळाडूनें ठरविलेली नसते, आणि ती मुख्यतः त्याच्या पदरांतही पडत नाहीं. एक क्लब ती दुसऱ्या क्लबास देतो. २०२१ सालीं जॅक ग्रीलिशसाठीं मँचेस्टर सिटीनें १० कोटी पौंड मोजले, ते अॅस्टन व्हिलाला. पहिल्या वर्षीं लीगमध्यें त्याचे तीनच गोल झाले, तेव्हां एकेक गोल किती कोटींना पडला याचे त्रैराशिक मांडण्यांत आलें. वास्तविक प्रशिक्षकांनीं त्याच्याकडे सोंपविलेलें मुख्य काम गोल करण्याचें नव्हतें. चेंडू राखण्याचें, खेळाला संथ लय देण्याचें होतें. दुसऱ्या वर्षीं त्या संघानें लीग, एफ. ए. कप आणि युरोपीय अजिंक्यपद अशीं तिन्ही पदें मिळविलीं, आणि त्या संघांत ग्रीलिश होता. खेळाडूला पगार मिळतो, भरपूर मिळतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. त्या पगाराबद्दल तो मेहनत, शिस्त आणि प्रामाणिकपणा देणें लागतो. तीं तो देत नसेल तर त्याला खुशाल बोल लावावा. परंतु दुसऱ्या दोघांनीं आपसांत ठरविलेली रक्कम त्याच्या कपाळावर लिहून तिची वसुली त्याच्याकडून करणें, हा कोणत्या न्यायशास्त्रांतील न्याय?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. “अपेक्षेच्या दडपणाखालींच मनुष्य मोठा होतो.” ह्याला उत्तर लेस्टर सिटीनें देऊन ठेविलें आहे. २०१५ च्या उन्हाळ्यांत तो संघ अजिंक्य होण्याचा भाव पैजवाल्यांनीं ५००० ला १ असा लावला होता. प्रशिक्षक क्लॉडिओ रानिएरी यांना आदल्याच वर्षीं ग्रीसच्या राष्ट्रीय संघानें, फॅरो बेटांकडून झालेल्या पराभवानंतर, घरीं पाठविलें होतें. जेमी वार्डी हा कांहीं वर्षांपूर्वींपर्यंत मुख्य लीगच्या चारही श्रेणींच्या बाहेर खेळत होता. ह्या मंडळींकडून कोणी कांहीं मागत नव्हतें, आणि २ मे २०१६ रोजीं तीं इंग्लंडची अजिंक्य ठरलीं. त्याच हंगामांत, आदल्या वर्षींचा विजेता म्हणून ज्याच्याकडून सर्व कांहीं अपेक्षिलें होतें, तो चेल्सीचा संघ दहाव्या स्थानीं राहिला. लेस्टरच्या कथेचा उत्तरार्ध मात्र लोक सांगत नाहींत. त्या दुर्मिळ विजयानंतर वर्ष पुरें होण्यापूर्वींच, फेब्रुवारी २०१७ मध्यें, क्लबनें रानिएरी यांना काढून टाकलें. दडपण नव्हतें तोंवर जें फुललें, तेंच मागणी सुरू होतांच अपुरें दिसूं लागलें. दडपणानें मोठे झालेले लोक आहेत, नाहींत असें नाहीं. पण दडपणानें चिरडलेल्यांचे पुतळे कोणी उभारीत नसल्यामुळें त्यांची मोजदाद होत नाहीं, एवढेंच.

तिसरा आक्षेप असा कीं, ही सारी करमणूक आहे. ती इतकी मनावर कां घ्यावी? करमणुकीला आमचा विरोध नाहीं. परंतु आजची ही करमणूक कशी आहे पाहा. फँटसी प्रीमियर लीग ह्या खेळांत प्रत्येकानें १० कोटी काल्पनिक पौंडांत पंधरा खऱ्या खेळाडूंचा संघ विकत घ्यावयाचा असतो, आणि जगांतील एक कोटीहून अधिक माणसें तो खेळतात. त्यांत बुद्धि लागते, गणित लागतें, हें मान्य. पण ह्या संवयीचा परिणाम असा होतो कीं, खऱ्या मैदानावर एखाद्या खऱ्या मुलाचा गुडघा मोडतो, आणि दहा हजार कोसांवर बसलेल्या कोणाच्या तरी तोंडून पहिला उद्गार निघतो तो, “माझे गुण गेले!” हा उद्गार आमच्या घरांतील मुलांच्या तोंडीं यावा, याचें आम्हांस दुःख आहे.

आणि मुलांना तरी दोष कसा द्यावा? हा धडा त्यांनीं प्रथम घरींच गिरविलेला असतो. जून महिन्यांत शिकवणीची फी भरतांना पुढच्या वर्षींच्या टक्क्यांचा आंकडा ठरवून मोकळा होणारा बाप, आणि जुलै महिन्यांत खेळाडूचे गोल ठरविणारा त्याचा मुलगा, हे एकाच पेढीचे भागीदार आहेत. ज्याच्यावर स्वतः वसुली चाललेली असते, त्याला दुसऱ्यावर वसुली बसविण्यांत एक प्रकारचें समाधान वाटूं लागतें. लिव्हरपूलच्या खेळाडूचें आमच्या रागावांचून कांहीं अडत नाहीं. आमच्या मुलाचें मात्र पुष्कळ नुकसान होतें.

हंगामापूर्वींच्या दिवसांत चाहत्यांनीं कसें वागावें, याचा एक नमुना इंग्लंडमध्येंच पाहावयास मिळाला आहे. ११ जुलै २०२१ रोजीं युरोपीय स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत इटलीविरुद्ध इंग्लंडची शेवटची पेनल्टी बुकायो साका यानें मारली, आणि ती अडविली गेली. तो तेव्हां १९ वर्षांचा होता. सबंध देशाची पंचावन्न वर्षांची थकबाकी जणुं त्या पोराच्या नांवें निघाली, आणि त्याच्या वर्णावरून त्याला ज्या शिव्या देण्यांत आल्या त्या येथें लिहवत नाहींत. चार आठवड्यांनीं, ८ ऑगस्टला, त्याचा आर्सेनल क्लब टॉटनहॅमच्या मैदानावर हंगामापूर्वींचा मैत्रीचा सामना खेळावयास गेला. टॉटनहॅम आणि आर्सेनल यांचें उत्तर लंडनमधील वैर पिढीजात आहे. साका बदली खेळाडू म्हणून मैदानांत उतरला, आणि त्या वैऱ्याच्या घरच्या प्रेक्षकांनीं टाळ्यांच्या गजरांत त्याचें स्वागत केलें. त्यानें त्यांच्यासाठीं कांहीं करावयाचें नव्हतें; उलट त्यांच्याच संघावर गोल करावयाचा होता. त्यांचें त्याच्याकडे कांहीं येणें नव्हतें, म्हणूनच त्यांना तो मुलगा म्हणून दिसला.

येत्या श्रावणांत आमच्या घरोघरच्या रसिकांनीं आपापल्या संघाचे कपडे खुशाल मिरवावेत, रात्रीं जागाव्यात, जिंकल्यावर नाचावें आणि हरल्यावर जेवण टाकावें. फक्त खतावणी तेवढी मिटवून ठेवावी, आणि टॉटनहॅमच्या लोकांनीं वैऱ्याच्या पोराला जें दिलें, तें आपल्या संघाच्या पोरांना पहिल्या सामन्यापूर्वींच देऊन टाकावें.